उपकरण क्रमांक तीनच्या विल्हेवाटीबाबत

दिनांक : चालू महिन्याची चौदा

प्रति,
माननीय प्रमाणन अधिकारी,
गुणवत्ता व्यवस्थापन प्रमाणन कक्ष,
लघुउद्योग कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : 'दोरवाले बंधू' या दोर वळण्याच्या कार्यशाळेतील धाकटे बंधू, निवृत्त संस्कृत शिक्षक.

विषय : निकामी ठरविलेल्या उपकरण क्रमांक तीनच्या विल्हेवाटीचा पुरावा सादर करण्यातून सूट मिळणेबाबत, तसेच सदर उपकरणाची नोंद बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे गेल्या महिन्यातील पत्र, 'उपकरणे : अंतिम सूचना' या शीर्षकाचे.

महोदय,

आपल्या मेजावर रोज अर्जांचा ढीग पडतो आणि त्यातील प्रत्येकाला आपलेच दुःख डोंगराएवढे वाटते, याची अर्जदारास जाणीव आहे. म्हणून मुद्दा आरंभीच मांडला आहे. संदर्भीय पत्रान्वये आपण अशी विचारणा केली आहे की, आमच्या कार्यशाळेतील निकामी झालेले उपकरण क्रमांक तीन सध्या कोठे आहे, त्याची विल्हेवाट कोणत्या रीतीने लावली, आणि तिचा पुरावा अद्याप का सादर झाला नाही. त्यास सविनय उत्तर असे की, सदर उपकरण हे अर्जदाराचे सख्खे थोरले बंधू आहेत. ते कार्यशाळेच्या खिडकीकडील कोपऱ्यात खाटेवर निजलेले असून, हा अर्ज लिहीत असता त्यांनी दोन वेळा पाणी मागितले.

असे कसे झाले, हे क्रमाने सांगणे प्राप्त आहे. सांगणे थोडे लांबेल, त्याची क्षमा असावी. पीळ दाखवायचा तर दोर पुरता पसरावाच लागतो.

१. दोर वळणे हा या घराचा तीन पिढ्यांचा व्यवसाय आहे. कार्यशाळा म्हणजे पत्र्याच्या छपराची अरुंद, लांबलचक पडवी. तिच्या एका टोकाला सूत अडकविण्याच्या आकड्यांचे चक्र, दुसऱ्या टोकाला ताण धरणारी गाडी, आणि मधल्या साऱ्या लांबीत ताणलेले सूत. तंतू विंचरून त्याचे सूत काढावयाचे, सुताचे पेड वळावयाचे, आणि तीन पेड उलट्या पिळाने एकमेकांवर बसविले की दोर होतो. पेड वळण्याचे काम मावशी करतात. त्या कोणाच्याच मावशी नाहीत. परंतु कामाला लागल्या त्या दिवसापासून सर्वजण त्यांना मावशी म्हणतात, आणि त्याही सर्वांना भाचरांना बोलावे तसे बोलतात. पेडांचा दोर बांधणे व तो तपासणे हे थोरल्या बंधूंचे काम. लेखन व पत्रव्यवहार अर्जदाराकडे.

तपासण्याची रीत वडिलांनी घालून दिली. तुळईवरून दोर खाली सोडावयाचा, त्याच्या टोकाला बैठकीची गाठ मारावयाची, आणि ज्याने तो बांधला त्यानेच तीत बसून दोन्ही पाय जमिनीवरून उचलावयाचे. नवा दोर अंगावर ओझे आले की करकरतो. एकेक पेड आपापल्या जागी बसत जातो आणि मग तो शांत होतो. ती करकर येऊन थांबेपर्यंत माणसाने अधांतरी राहावयाचे. या रीतीस घरात 'टांगणी' म्हणतात. वडील म्हणत, दुसऱ्याचा जीव ज्याला टांगायचा त्याने आधी आपला टांगून पाहावा. तेवढी छाती नसेल तर खुशाल सुतळी विकावी.

थोरल्या बंधूंनी मिसरूड फुटल्यापासून एकही दोर टांगणीवाचून दाराबाहेर जाऊ दिलेला नाही. एकदा अंगात ताप असता ते टांगणीला बसले आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला. तेव्हा वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पडवीत येऊन निकाल दिला होता, "दोर पास झाला, माणूस नापास आहे. उतरवा त्यांना."

२. आमचे दोर उंच इमारतींना बाहेरून रंग देणारे एक कंत्राटदार घेत असत. विहिरींवर पंप आले, मालाच्या गाड्यांवर पट्टे आले, आणि दोराला त्यांच्यावाचून दुसरे गिऱ्हाईक उरले नाही. त्यांची माणसे आमच्या दोरांना बांधलेल्या फळीवर बसून दिवसभर भिंती रंगवीत. कंत्राटदार स्वतःही तरुणपणी त्याच फळीवर बसलेले. त्यामुळे टांगणी म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नसे. परंतु एके दिवशी ते आले, चहा घेतला, कप बराच वेळ हातात फिरवीत राहिले आणि म्हणाले, "थोरले, तुमच्या दोरावर माझा भरवसा आहे. पण माझ्या भरवशाला शिक्का नाही. विमेवाले शिक्का मागतात."

तो शिक्का म्हणजे आपल्या कक्षाचे गुणवत्ता व्यवस्थापन प्रमाणपत्र. ते मिळाले तर पडवी चालणार, न मिळाले तर चक्र थांबणार, एवढा सरळ हिशेब त्या दिवशी सर्वांना कळला. थोरल्या बंधूंनी अर्जदाराकडे पाहून म्हटले, "धाकट्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासलेस. आता आपल्या घरचा पेपर लिही."

३. त्यानुसार अर्जदार आपल्या कार्यालयाने भरविलेल्या मार्गदर्शन वर्गास हजर राहिला. तेथे फळ्यावर एक सूत्र लिहिले होते : जे करता ते लिहा, जे लिहिले ते करा. मन, वाणी व कर्म यांची एकवाक्यता असावी हे मुलांना शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यास एका शासकीय खोलीत, पंख्याच्या घरघरीत, ते सूत्र पाहून गहिवरून आले. शेजारच्या बाकावर पत्र्याच्या पेट्या करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी बाजारातून तयार गुणवत्ता पुस्तिका आणून मुखपृष्ठावरील नाव तेवढे बदलले. त्यांना प्रमाणपत्र मिळाले आहे. ही तक्रार नव्हे, केवळ नोंद आहे.

अर्जदाराने पुस्तिका स्वतः लिहिली. संध्याकाळी काम थांबले की थोरले बंधू सांगत आणि अर्जदार लिहून घेई. संस्कृतात गुण या शब्दाचा एक अर्थ दोर असाही आहे, हे अर्जदाराने ओघात सांगितले, तेव्हा बंधू म्हणाले, "मग झालंच की. तेवढं एक वाक्य त्यांना कळव आणि मोकळा हो." परीक्षणाच्या प्रकरणाशी आल्यावर मात्र त्यांनी चेष्टा सोडली. ताठ बसून त्यांनी सांगितले ते असे : प्रत्येक दोर थोरले बंधू टांगणीने तपासतात, परीक्षणाचा भार, थोरले बंधू, पंच्याहत्तर किलो. वजन कशाला, असे अर्जदाराने विचारले असता त्यांचे म्हणणे पडले, "लिही. उद्या कोणी म्हणायला नको, फुंकरीने उडणाऱ्या माणसाने तपासला म्हणून."

जे केले जात होते तेच लिहिले. जे लिहिले तेच पुढे फासासारखे बसले.

४. आपल्या कक्षाचे परीक्षक पहिल्या भेटीस आले. ते तरुण, सुशील व कामसू गृहस्थ आहेत. त्यांच्याविषयी अर्जदाराच्या मनात किल्मिष नाही. त्यांनी मापन उपकरणांची यादी मागितली. वजनकाटा हे उपकरण क्रमांक एक, मोजपट्टी क्रमांक दोन, अशी नोंद झाली. मग त्यांनी विचारले, परीक्षणाचा भार कोठे आहे. मावशींनी हातातील पेड न सोडता हनुवटीनेच थोरल्या बंधूंकडे खूण केली. परीक्षक बराच वेळ पुस्तिका चाळीत उभे राहिले. नंतर संकोचाने म्हणाले, "आजोबा, राग मानू नका. पुस्तिकेप्रमाणे भार तुम्ही आहात. तुमची नोंद मला उपकरण म्हणूनच करावी लागेल."

"घाला नोंद," बंधू म्हणाले. "घरात आयुष्यभर भारच होतो, आता कागदावर आलो एवढंच."

उपकरण खरे बोलते की नाही, हे नियमाने वेळोवेळी पडताळून त्यावर मुदतीचे लेबल लावावे लागते. त्याप्रमाणे बंधूंना काट्यावर उभे केले, वजन बरोबर पंच्याहत्तर भरले, एक किलो इकडेतिकडे चालेल असे ठरले, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर क्रमांक व मुदत लिहिलेले हिरवे लेबल चिकटविण्यात आले. सदरा धुवावयाच्या दिवशी वहिनी ते लेबल सोडवून दुसऱ्या सदऱ्याला टाचणीने लावीत. बंधू ते लेबल मिरवीत चौकात जात आणि भेटेल त्याला सांगत, "माझी मुदत पुढच्या वर्षापर्यंत आहे. तोवर यमालासुद्धा लघुउद्योग कार्यालयाची परवानगी काढावी लागेल."

त्या दिवसांत घरात पुष्कळ हसणे झाले. प्रमाणपत्र आता हाताच्या अंतरावर आहे, केवळ दुसरी भेट उरली आहे, असा सर्वांचा समज होता.

५. त्यानंतर थोरल्या बंधूंना अन्न जाईनासे झाले. पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी तिचे नाव इंग्रजीत सांगितले आणि पुढचे मराठीत सांगण्याचे टाळले. वळताना पेडातून तंतू निसटावा, दिसू नये, पण हाताला दोर बारीक लागावा, तसे त्यांचे शरीर उतरू लागले.

उपकरणात पडणारा फरक आपल्या कक्षास लेखी कळविणे नियमाने बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जे वजन असे, ते अर्जदाराने वेळोवेळी कळविले.

६. त्यावर आपल्या कक्षाकडून 'सुधारात्मक कृती' या नावाचा नमुना आला. फरकाचे मूळ कारण पाच वेळा 'का' असे विचारून शोधावे, अशी त्यात सूचना होती. अर्जदाराने श्रद्धापूर्वक तो भरला. वजन का घटले : अन्न जात नाही म्हणून. अन्न का जात नाही : पोटात गाठ आहे म्हणून. गाठ का झाली : डॉक्टरांना ठाऊक नाही. त्यांना का ठाऊक नाही : ते म्हणतात, अशा गोष्टींचे कारण पुष्कळदा सापडत नाही. पाचव्या 'का' पाशी अर्जदाराची लेखणी थांबली. ज्या प्रश्नापुढे मोठमोठे तत्त्वज्ञ मौन धरून बसले, त्याचे उत्तर देण्याइतका अर्जदार विद्वान नाही. त्याने ती ओळ मोकळी सोडली. 'नमुना अपूर्ण' या शेऱ्यासह तो परत आला.

मग उपकरण बदलण्याचा विचार झाला. अर्जदाराने टांगणीला स्वतः बसण्याची तयारी दाखविली. परंतु तो मुळातच काडीपैलवान असल्याने भार अपुरा ठरला. मावशी म्हणाल्या, "सरका, मी बसते. माझ्यात थोरले मावून वर धाकटे उरतील." त्यांचा भार मर्यादेपेक्षा फार अधिक ठरला. अखेर पंच्याहत्तर किलोचे लोखंडी वजन वापरू द्यावे, अशी लेखी विनंती केली. आपल्याकडून उत्तर आले की, मान्य झालेली परीक्षणपद्धती बदलावयाची असल्यास जुने व नवे उपकरण एकाच वेळी, समान स्थितीत, शेजारी शेजारी तपासून तुलना सादर करावी. त्यासाठी जुने उपकरण आधी मूळ वजनावर आणावे.

बंधूंनी ते पत्र अर्जदाराकडून पुन्हा वाचून घेतले. मग वहिनींना म्हणाले, "वाढ. मूळ वजनावर यायचंय मला."

७. महोदय, थोरले बंधू खाऊ लागले. भूक नव्हती, गिळताना डोळ्यांतून पाणी येई, खाल्लेले पुष्कळदा राहत नसे. तरी ते खात. पडवी आपल्यापायी अडली आहे, कंत्राटदार आपल्यासाठी थांबले आहेत, मावशींची चूल आपल्या वजनावर आहे, एवढे एकच त्यांच्या मनाने घेतले होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; येथे सुंभ जळत होता आणि पीळ अधिकच घट्ट होत होता. दर सकाळी ते काट्यावर उभे राहत. मान खाली घातली की त्यांना घेरी येई, म्हणून आकडा वहिनी वाचीत. आकडा रोज थोडा थोडा वाढत असे.

तो कशाने वाढतो हे अर्जदाराने एका सकाळी पाहिले. बंधूंना सावरण्यासाठी वहिनी अगदी लगटून उभ्या राहत आणि लुगड्याच्या घोळाखालून पायाचा अंगठा काट्यावर दाबीत. जेवढा आकडा हवा तेवढा दाब.

अर्जदार त्यांना एकांती याविषयी बोलला. आपण कक्षाला डॉक्टरांचे वजन कळवितो, हेही सांगितले. वहिनींनी हातातले भांडे खाली ठेवले. म्हणाल्या, "भावजी, त्यांना खरा आकडा सांगायचा नाही एवढं तुम्हालाही कळतं, तुम्हीही गप्प बसता. मग कचेरीलाच तेवढा खरा सांगायचं कुठल्या ग्रंथात लिहिलंय?" अर्जदाराने पुष्कळ ग्रंथ पाहिले आहेत. हे त्यांत कोठे आढळले नाही.

८. परीक्षक दुसऱ्या भेटीस आले तो दिवस. बंधूंनी सकाळीच दाढी करून घेतली, लेबलाचा सदरा घातला. वहिनींच्या आकड्याप्रमाणे ते चौऱ्याहत्तरवर आले होते, म्हणजे मर्यादेत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेला नीट तयारी करून निघालेल्या विद्यार्थ्याची कळा होती. कंत्राटदारही आले होते. त्यांच्यासाठी बांधलेला नवा दोर तुळईवरून सोडला. अर्जदाराने व कंत्राटदारांनी दोन्ही बाजूंनी धरून बंधूंना गाठीत बसविले. त्यांनी पाय उचलले.

दोर करकरला नाही.

पडवीत सर्वजण थांबले होते. मावशींनी चक्र धरून ठेवले होते. बंधूंनी डोळे मिटले, मान कलती करून ऐकले, किंचित झोका घेतला, पुन्हा ऐकले. शेवटी म्हणाले, "धाकट्या, हा बोलत का नाही?" आणि कोणी उत्तर देण्याआधी स्वतःच, अगदी हळू, "त्याला मी लागतच नाही रे. कळतच नाही त्याला कोणी बसलंय ते."

परीक्षकांनी नियमाप्रमाणे त्यांना काट्यावर उभे केले. या वेळी वहिनींना दूर उभे राहावे लागले. आकडा परीक्षकांनी मोठ्याने वाचला : अठ्ठेचाळीस. बंधूंनी मान वळवून वहिनींकडे पाहिले. त्या पदराचे टोक चुरगळीत उभ्या होत्या. ते रागावतील असे अर्जदारास वाटले. ते म्हणाले, "रोज दाबून दाबून अंगठा दुखला असेल तुझा."

परीक्षकांनी डोळे पुसले हे अर्जदाराने पाहिले आहे, आणि अहवालात लिहिले तेच त्यांना लिहिणे भाग होते, हेही त्यास मान्य आहे. एक गोष्ट मात्र नमूद करतो. नियमानुसार सदोष मालासाठी पडवीत लाल रंगाची चौकट आखून जागा राखावी लागते. आमच्याकडे ती जागा रिकामीच असे आणि खिडकीजवळ असल्याने तेथे वारा बरा येतो, म्हणून बंधूंची खाट आधीपासून त्या चौकटीत घातली होती. अहवालात त्याबद्दल शेरा आहे : 'सदोष उपकरण नेमून दिलेल्या जागी वेगळे ठेवले आहे. समाधानकारक.' साऱ्या अहवालात आमच्या बाजूने पडलेले एवढेच एक वाक्य आहे.

९. कंत्राटदार त्यानंतर पुन्हा आले ते फळे घेऊन, दोरासाठी नव्हे. त्यांनी यंत्रावर वळलेला, शिक्क्याचा दोर घेण्यास सुरुवात केली आहे. पायरीवर चपला घालताना ते अर्जदारास म्हणाले, "माझी पोरं त्या दोरावर चढतात तेव्हा मी खाली उभा राहत नाही हल्ली. आत जाऊन बसतो." त्यांना दोष देता येत नाही. मावशी आता एका गोदामात पोती शिवतात. सुट्टीच्या दिवशी येऊन चक्राला तेल घालून जातात. कशासाठी, असे कोणी विचारत नाही.

प्रमाणपत्राची आशा अर्जदाराने सोडली आहे. हा अर्ज त्यासाठी नाही.

१०. आपले संदर्भीय पत्र आले तेव्हा अर्जदार बाजारात गेला होता. बंधूंनी ते स्वतः उघडून वाचले. उपकरण क्रमांक तीन निकामी घोषित करण्यात येत असून त्याची विल्हेवाट लावून पुरावा सादर करावा, असे त्यात आहे. अर्जदार परतला तेव्हा ते पत्र नीट घडी करून उशाशी ठेवलेले होते. अर्जदाराने समजूत घालण्यासाठी म्हटले की, दादा, ही केवळ कार्यालयीन परिभाषा आहे, निकामी शब्दाचा अर्थ येथे वेगळा घ्यावयाचा असतो. त्यावर ते म्हणाले, "व्याकरण राहू दे, धाकट्या. शब्द बरोबर आहे." आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्या दिवसापासून त्यांनी वजन विचारलेले नाही. वहिनींनी घास पुढे केला तर हाताने बाजूला सारतात. पूर्वी खात होते ते एका हेतूने. तो हेतू आपल्या पत्राने काढून घेतला.

अर्जदार त्यानंतर आपल्या कार्यालयात समक्ष येऊन गेला. खिडकीवरील लिपिक अतिशय सहृदय निघाले. त्यांनी संगणकाचा पडदा अर्जदाराकडे वळवून दाखविला. उपकरणाची स्थिती नोंदविण्यास चारच पर्याय आहेत : चालू, दुरुस्तीत, हरवले, निकामी. पाचवा शब्द तेथे लिहिताच येत नाही. दुरुस्तीत म्हणावे तर परत येण्याची तारीख द्यावी लागते. ती विचारण्यास अर्जदार डॉक्टरांकडे गेला असता, त्यांनी चष्मा काढला, काचा पुसल्या आणि तो पुन्हा घातलाच नाही. तेव्हा लिपिक आवाज खाली आणून म्हणाले, "आजोबा, 'हरवले' करून देतो. त्याला पुरावा लागत नाही. एक सही करा आणि घरी जा." त्यांचा हेतू शुद्ध होता. अर्जदाराने लेखणी हातात घेतली आणि ठेवून दिली. जो भाऊ त्या घटकेला घरी, खिडकीखाली, श्वास मोजीत पडला आहे, तो हरवला अशी सही त्याच्या पाठच्या भावाने करणे त्यास जमले नाही.

महोदय, अंधारात दोरीला साप समजणे हा भ्रम शास्त्रांनी पुष्कळ चर्चिला आहे. तो दिवा आणला की फिटतो. माणसाला दोर तपासण्याचे वजन समजणे या भ्रमाला कोणता दिवा लावावा, हे अर्जदारास सापडलेले नाही; कारण हे सर्व लख्ख उजेडात, सर्वांच्या सह्यांनिशी, कोणाच्याही मनात पाप नसता झाले. ज्यांनी नियम केले त्यांनी फळीवर बसणाऱ्या माणसांच्या जिवासाठीच केले. वडिलांनी टांगणी घालून दिली तीही त्याचसाठी. दोन्ही बाजूंना एकच काळजी असता मधल्या मध्ये एक माणूस निकामी झाला.

सबब, अर्जदाराची प्रार्थना अशी आहे.

उपकरण क्रमांक तीन ही नोंद काढून त्या जागी 'परीक्षक, वयोमानाने व आजारपणाने सेवामुक्त' अशी नोंद करावी, आणि तसे दोन ओळींचे पत्र आपल्या सही-शिक्क्यानिशी थोरल्या बंधूंच्या नावे द्यावे. अधिक स्तुती नको. खोटे एक अक्षरही नको. ते पत्र अर्जदार त्यांना वाचून दाखवील. त्यांना अद्याप ऐकू येते. संगणकात अशी नोंद होत नसेल तर ती हाताने कागदावर केलेली चालेल. कोणीही तिची तपासणी करणार नाही.

हेही नियमात बसत नसेल, तर निदान ही नस्ती आजच्या स्थितीत, पुराव्यावाचून, बंद करावी. ही विनंती घाईने करण्याचे कारण असे की, डॉक्टरांच्या मते आता फार वाट पाहावी लागणार नाही. त्यानंतर नगरकार्यालयातून एक दाखला मिळेल. त्यावर बंधूंचे नाव, वय व तारीख असेल, खाली गोल शिक्का असेल, आणि तो दाखला आपल्या पत्रात मागविलेल्या पुराव्याच्या साऱ्या अटी पूर्ण करील. नस्ती तोवर उघडी राहिली, तर त्याची प्रत संदर्भ क्रमांकासह आपणाकडे पाठविणे अर्जदारास बंधनकारक होईल, आणि अर्जदार नियम मोडणाऱ्यांतला नाही, हे आपणास ठाऊक झालेच आहे. ती प्रत आपल्या मेजावर येईल, आणि आपल्यालाही नियमानेच तिच्यावर 'पूर्तता झाली' असा शेरा मारावा लागेल.

तो शेरा मारण्याची वेळ आपल्यावर येऊ नये आणि तो वाचण्याची अर्जदारावर येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

उत्तराची वाट पाहत, परंतु उत्तर येईलच असे न धरून चाललेला,

आपला नम्र,
(सही)
दोरवाल्यांपैकी धाकटा

सोबत : आपल्या पत्राची छायाप्रत. मागविलेला पुरावा आज जोडलेला नाही.